विद्यार्थ्यांचा माहितीपट आणि आपले कर्तव्य
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत सहाव्या क्रमांकावर ‘वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी तयार केलेला माहितीपट दाखविणे’ असा विषय छापला आहे. लगेच त्याखाली, सातव्या क्रमांकावर, ‘सदर माहितीपटातील दोन प्रसंग वगळण्याबाबत विचार’ असाही विषय आहे. या दोन विषयांच्या मध्ये उभे राहून चार शब्द बोलावेत, अशी मंडळाने आम्हांस आज्ञा केली. आमचे सारे आयुष्य खडू-फळ्याच्या चाकरीत गेले. चित्रपटाच्या धंद्याशी आमचा संबंध तिकीट काढून खुर्चीवर बसण्यापुरताच. तथापि हा माहितीपट तयार होत असता मुले आमच्याकडे वारंवार येत असत, आणि त्यांचे काम आम्ही आरंभापासून अखेरपर्यंत जवळून पाहिले आहे. तेवढ्याच अधिकारावर आम्ही बोलत आहो.

चित्रपट म्हटला की नटनट्या, गाणी आणि मारामाऱ्या आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु आपल्या देशात चित्रपटाचा जन्म झाला तो खऱ्या घटनांच्या चित्रणातून. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांना लोक सावेदादा म्हणत, यांनी १८९९ साली मुंबईत हँगिंग गार्डनमध्ये झालेल्या एका कुस्तीचे चित्रण केले. पुढे १९०१ च्या डिसेंबरात रँग्लर परांजपे विलायतेहून परत आले, तेव्हा त्यांच्या स्वागताचेही चित्रण सावेदादांनीच केले. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला, हे आपण सर्व जाणता. परंतु त्यापूर्वी, १९१२ साली, दादासाहेबांनी एका कुंडीत वाटाणा पेरून त्याचा अंकुर कसा वाढतो याचे दिवसांमागून दिवस थोडे थोडे चित्रण केले होते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसेल. तो लहानसा पट पाहूनच त्यांना भांडवल देणारा गृहस्थ भेटला. म्हणजे आपल्या चित्रपटसृष्टीच्या आधी एक वाटाण्याचे रोप उभे आहे, आणि त्या रोपासमोर धीराने बसलेला एक मनुष्य आहे. माहितीपट काढणाऱ्या विद्यार्थ्याने हा धीर आधी शिकावा, असे आम्हांस वाटते.

अशा पटांना पूर्वी ‘अनुबोधपट’ म्हणत. हल्ली ‘माहितीपट’ हा शब्द रूढ झाला आहे. १९४८ साली केंद्र सरकारने फिल्म्स डिव्हिजन स्थापन केले, आणि मुख्य चित्रपटाच्या आधी त्यांचे छोटे पट दाखविणे चित्रपटगृहांना बंधनकारक असे. धरणे, शेती, देवीची लस, हातमाग अशा विषयांवरचे ते काळे-पांढरे पट येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना आठवत असतील. त्या वेळी पुष्कळ लोक बाहेर चहा पीत उभे राहत, हेही खरे! २०२२ साली ते खाते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले. परंतु जे काम पूर्वी सरकारी खात्याचा मोठा लवाजमा करी, ते आज महाविद्यालयातील मुले खिशातल्या मोबाइलवर करू शकतात.

आता आपल्या मुलांविषयी. आपल्या वसतिगृहात राहणारे तीन विद्यार्थी आणि गावातीलच दोन विद्यार्थिनी एका महाविद्यालयात माध्यमविषयाचा अभ्यास करतात. परीक्षेसाठी त्यांना वीस मिनिटांचा माहितीपट तयार करावयाचा होता. त्यांनी विषय निवडला तो आपल्या आळीचा. पुण्याच्या कसबा पेठेत पेशवाईच्या काळी कोकणातून आलेल्या तांबटांची आळी प्रसिद्ध आहे. तशीच, तिच्याहून लहान, आपल्या गावची ही आळी. एके काळी घरोघरी घंगाळी, बंब, हंडे, कळश्या आणि तपेली घडत असत. ॲल्युमिनियम आले, स्टेनलेस स्टील आले, प्लास्टिकच्या बादल्या आल्या, न्हाणीघरात गॅसचा गीझर आला, आणि एकेका घरातील ठोके बंद होत गेले. आज सात घरांतून काम चालते.

पहिले पंधरा दिवस या मुलांनी कॅमेरा बाहेरच काढला नाही, हे आम्हांस सर्वांत आवडले. सकाळ-संध्याकाळ ती आळीत जात, ओट्यावर बसत, पत्रे उचलू लागत, कोळसा आणून देत. आळीतील माणसांना त्यांची सवय झाली. परका मनुष्य यंत्र रोखून समोर उभा राहिला की साधा मनुष्यही नट होतो. घरचे पोर बाजूला बसले आहे असे वाटले की तो आपले काम करीत राहतो.

चित्र घेणे त्यांना फारसे अवघड गेले नाही. खरी पंचाईत झाली ती आवाजाची. आपल्या आळीत हातोडीचा आवाज असा की शेजारी बसलेल्याशी बोलावयाचे तर ओरडावे लागते. मुलांनी त्यावर उपाय काढला तो असा. बोलणे मुद्रित करावयाचे ते दुपारच्या विसाव्याच्या वेळी, पंखा बंद करून, बोलणाऱ्याच्या सदऱ्याला लहानसा मायक्रोफोन लावून. ठोके मुद्रित करावयाचे ते स्वतंत्रपणे, प्रत्येक घरचे निराळे. आणि प्रत्येक जागी मिनिटभर कोणी काही न बोलता नुसती शांतताही मुद्रित करावयाची! आम्ही विचारले, “शांतता कशाला साठविता?” तेव्हा एक मुलगी म्हणाली, “गुरुजी, प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. दोन वाक्यं जोडताना मध्ये अगदीच काही ऐकू आलं नाही, तर जोड उघडा पडतो.” भांड्याचा झाळ ज्याने पाहिला आहे, त्याला ही गोष्ट चटकन समजेल.

दुसरी अडचण कामाच्या क्रमाची. पत्रा गोल कापावयाचा, भट्टीत तापवून नरम करावयाचा, ऐरणीवर ठोकून आकार द्यावयाचा; ठोकता ठोकता तांबे कडक होते, म्हणून पुन्हा तापवावयाचे, पुन्हा ठोकावयाचे; शेवटी चिंचेने उजळून मठारावयाचे. मठारल्याने भांड्याला शोभा तर येतेच, परंतु पत्र्याला ताठपणा आणि बळही येते. या साऱ्या कामात कारागिराला “जरा थांबा, पुन्हा एकदा करून दाखवा” असे म्हणता येत नाही. तापलेले तांबे कोणासाठी थांबत नाही. तेव्हा मुलांनी ठरविले की थांबावयाचे आपण. एका घंगाळ्यात जे टिपावयाचे राहिले, ते दुसऱ्या घंगाळ्याच्या वेळी टिपावयाचे. दीड मिनिटाच्या त्या दृश्यासाठी ती अकरा दिवस भट्टीजवळ बसली.

येथे एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. आपल्यापैकी एका सद्गृहस्थांनी, हेतू चांगलाच होता, मुलांना सुचविले की कारागिरांना धोतर, बाराबंदी आणि पगडी घालावी, विजेचा पंखा काढून जुना चामड्याचा भाता मांडावा, म्हणजे चित्र शोभिवंत होईल. मुलांनी ते नम्रपणे नाकारले. या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. रॉबर्ट फ्लॅहर्टी नावाच्या अमेरिकन गृहस्थाने कॅनडाच्या उत्तरेकडील बर्फाळ प्रदेशात राहणाऱ्या इनुइट लोकांवर ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ हा पट काढला. तो १९२२ साली प्रदर्शित झाला, आणि जगातील माहितीपटांत आद्य म्हणून त्याचा मान आहे. परंतु त्यात बंदूक वापरणाऱ्या शिकाऱ्यांना जुन्या पद्धतीने भाल्याने शिकार करावयास लावले होते. बर्फाच्या घरात उजेड पुरेना, म्हणून अर्धे घर मोकळे ठेवून त्यात माणसांना निजविले होते. नायकाचे खरे नावही नानूक नव्हते. पट सुंदर आहे यात शंका नाही. परंतु शंभर वर्षे झाली तरी जाणकार लोक त्याविषयी वाद घालीत आहेत. आपल्या मुलांनी हा वाद वर्गात अभ्यासला होता. त्यांनी कारागीर दाखविला तो बनियन घातलेला, शेजारी मोबाइल ठेवून, विजेच्या पंख्याने भट्टी फुंकणारा. आज आपली आळी अशीच आहे.

आता ज्या दोन प्रसंगांवरून वाद उत्पन्न झाला, त्यांकडे वळू.

पहिला प्रसंग आळीतील सर्वांत वयोवृद्ध कारागिराचा. सारी आळी त्यांना आबा म्हणते. साठ वर्षे हातोडी चालवून त्यांचे कान जवळजवळ गेलेले आहेत. मुलांना प्रश्न दोनदा, तीनदा विचारावे लागले, आणि अखेर पाटीवर लिहून दाखवावे लागले. हे सारे त्यांनी पटात तसेच ठेवले आहे. ‘मुलाला धंद्यात का घातले नाही?’ हा प्रश्न आबा पाटीवर वाचतात, थोडा वेळ काही बोलत नाहीत, आणि मग म्हणतात, “हात चालतात तोवर मी ठोकीन. पण पोराला इथं बसवायचं नाही, हे मी त्याच्या बारशालाच ठरवलं होतं.”

दुसरा प्रसंग एका मावशींचा. चिंच आणि राख घेऊन त्या भांडी उजळीत आहेत, आणि हात न थांबविता बोलत आहेत. त्या म्हणतात, “उजळायचं काम चाळीस वर्षं माझं. माल पोचवला मी, उधारी वसूल केली मी. पण आळीत कारागीर किती म्हणून कुणी विचारायला आलं, तर माझं नाव कुणी सांगत नाही.”

हे दोन प्रसंग गाळावेत, असे आपल्यातील काही जबाबदार मंडळींचे म्हणणे आहे. त्यांचा पक्ष आम्ही हलका लेखीत नाही. ते म्हणतात की पट बाहेरगावचे लोक पाहतील. धंदा मरणपंथाला लागला असे कारागीरच सांगू लागले, तर गिऱ्हाईक आणि सरकार आपल्याकडे पाठ फिरवील. ते म्हणतात की घरातील बायकांची गाऱ्हाणी चव्हाट्यावर आणल्याने ज्ञातीची शोभा होत नाही, सोयरिकी जुळविताना अशा गोष्टी निघतात. आणि ते असेही म्हणतात की प्रवासासाठी व मायक्रोफोनसाठी मुलांना ज्ञातीने पैसे दिले आहेत. तेव्हा काय दाखवावयाचे हे ठरविण्याचा ज्ञातीला अधिकार आहे.

या शेवटच्या मुद्द्यापासून आरंभ करू. आपण पैसे दिले हे खरे; परंतु ते कशासाठी दिले? मुलांनी अभ्यास करावा म्हणून. विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती देऊन त्याने परीक्षेत कोणते उत्तर लिहावे हे देणाऱ्याने सांगू लागावे, तर ती शिष्यवृत्ती राहत नाही. आपली स्तुती हवी असेल, तर त्यासाठी जाहिराती तयार करणारे लोक आहेत. त्यांना पैसे मोजावेत. त्यात गैर काही नाही. पण मग त्याला माहितीपट म्हणू नये.

दुसरे, गिऱ्हाइकाचे. साठ वर्षे कानांचा बळी देऊन घडविलेले भांडे पाहून गिऱ्हाईक पाठ फिरवील, की त्याची किंमत अधिक जाणील? घासाघीस करणाऱ्या मनुष्याला भांड्यामागचा मनुष्य दिसत नाही, हेच तर आपले जुने दुखणे आहे. तो मनुष्य या पटात दिसतो.

आणि कानांविषयी आणखी एक गोष्ट. सतत मोठ्या आवाजात राहिल्याने अंतःकर्णातील केसांसारख्या सूक्ष्म पेशी मरतात, आणि एकदा मेल्या की त्या पुन्हा येत नाहीत. म्हणून हे बहिरेपण औषधाने बरे होत नाही. ते आधीच टाळावे लागते. आपल्या आळीत हे पिढ्यान् पिढ्या चालत आले, आणि आपण त्याला ‘म्हातारपण’ म्हणत आलो. मुलांचा कच्चा पट पाहून आपल्या ज्ञातीतील एका डॉक्टर भगिनीने सातही घरांतील तरुण कारागिरांचे कान विनामूल्य तपासण्याची तयारी दाखविली आहे. कानांत घालावयाचे बोळे काही महाग नसतात. तो पाटीचा प्रसंग गाळला, तर ही तपासणी कशासाठी, हे उद्या कोणाला कळणार?

तिसरे, मावशींचे. त्यांनी कोणाची निंदा केलेली नाही, कोणाकडे काही मागितलेले नाही. आपण मोजले नाही, एवढेच त्या सांगतात. आणि ते खरे आहे. आपल्या स्मरणिकेच्या मागील अंकांत कारागिरांच्या याद्या छापलेल्या आहेत. त्या आम्ही काढून पाहिल्या. त्यांत एकाही स्त्रीचे नाव नाही. पटातील वाक्य गाळणे सोपे आहे. परंतु यादीतली उणीव त्याने भरून येत नाही.

आता कोणी विचारील, मग मुलांना पूर्ण मोकळीकच द्यावयाची काय? जे टिपले ते सारे दाखवावयाचे काय? नाही. एकंदर साडेअकरा तासांचे चित्रण झाले होते, आणि त्यातून वीस मिनिटे ठेवावयाची होती. म्हणजे जे ठेवले त्याहून किती तरी अधिक त्यांनी स्वतःच गाळले. बोलण्याचा शब्दन् शब्द त्यांनी वहीत उतरवून काढला, कागदाच्या चिठ्ठ्या केल्या, आणि वसतिगृहाच्या जमिनीवर त्या मांडून क्रम लावला. दोन भावांच्या वाटणीचे भांडण एका घरात चालले असता मायक्रोफोन चालू राहिला होता. ते सारे मुद्रण त्यांनी त्याच दिवशी पुसून टाकले. एका कारागिराला काम करता करता रडू आले. ते दृश्य कोणत्याही चित्रपटवाल्याला मोहात पाडणारे होते. परंतु त्या गृहस्थांनी ‘नको’ म्हणताच मुलांनी ते काढले. तेव्हा काय गाळावे हा प्रश्न मुलांना कळत नाही असे नव्हे. गाळण्याचा अधिकार कोणाचा, हा खरा प्रश्न आहे.

आमच्या मते तो अधिकार दोघांचा. एक, ज्याने पट केला त्याचा. आणि दुसरा, ज्याचा चेहरा आणि शब्द पटात आहेत त्याचा. तिसऱ्याने, मग तो कितीही आदरणीय असो, सल्ला द्यावा. कात्री हाती घेऊ नये.

आणि त्या दुसऱ्या अधिकाराचा मान मुलांनी राखला आहे. पट महाविद्यालयात देण्यापूर्वी त्यांनी तो आबांच्या घरी नेऊन दाखविला. आबांना ऐकू येत नाही, म्हणून सर्व संवाद खाली अक्षरांत लिहून दाखविले. ते वाक्य आले तेव्हा आबांनी मान हलविली. “बोललो ते बोललो, राहू दे,” एवढेच म्हणाले. मात्र पट संपल्यावर ते रागावले! पटात एक घंगाळे अर्धवट मठारलेले दिसत होते. एका बाजूला ठोक्यांच्या ओळी पुऱ्या झालेल्या नव्हत्या. “हे माझं काम म्हणून लोकांना दाखवणार? पुरं झालेलं भांडं दाखवा,” असे त्यांनी निक्षून सांगितले. मुले दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, आणि पुरे झालेले घंगाळे आता पटाच्या शेवटी आहे. मावशींनीही पट पाहिला, दोनदा पाहिला, आणि आपल्या सुनेला बोलावून तिसऱ्यांदा पाहिला. त्यांनी एक शब्दही बदलावयास सांगितला नाही. ज्यांची अब्रू आपण राखू पाहतो, त्यांनी स्वतः संमती दिलेली आहे. तशी लेखी पत्रेही मुलांनी घेऊन ठेवली आहेत.

यापुढे अशी कामे आपल्या ज्ञातीतून अधिक व्हावीत, अशी आमची इच्छा आहे. त्यासाठी चार सूचना करून आम्ही भाषण आवरते घेतो.

पहिली. ज्ञातीने दरवर्षी अशा एका पटासाठी लहानशी रक्कम बाजूला ठेवावी, आणि ती देताना हिशेब मागावा; मजकूर मागू नये.

दुसरी. ज्याचे चित्रण करावयाचे त्याला आधी हेतू सांगावा, लेखी संमती घ्यावी, आणि पट पुरा झाल्यावर सर्वांच्या आधी त्याला दाखवावा. मृत्यू, आजारपण आणि लहान मुले यांच्या बाबतीत दुप्पट जपावे.

तिसरी. सिनेमाची गाणी पटात घालण्याचा मोह टाळावा. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, आणि ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे चालतो. शिवाय आपल्याला उसन्या संगीताची गरजच काय? या पटात सात घरांचे ठोके एकामागून एक ऐकू येतात, आणि कोणता ठोका कोणाचा हे आळीतील लहान पोरही सांगते.

चौथी. केलेले काम जपून ठेवावे. ‘आलम आरा’ हा आपल्या देशातील पहिला बोलपट १९३१ साली लागला, त्यासाठी लोकांनी गर्दी केली. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ तरी कुठे पुरा राहिला आहे? आजचे चित्रण मोबाइल हरवला की जाते. म्हणून मुलांचे साडेअकरा तासांतील उरलेले चित्रणही, ज्यांचे त्यांना विचारून, दोन निरनिराळ्या जागी ठेवावे. सोबत नाव, दिनांक आणि कोणते काम चालले आहे याची टिपण व्हावी. वीस मिनिटे परीक्षेसाठी आहेत. उरलेले तास आपल्या नातवंडांसाठी आहेत. आबांचा हात पत्रा कसा फिरवितो, हे उद्या कोणाला शिकावयाचे झाले तर ते तेथेच सापडेल.

ज्ञातिबंधुभगिनींनो, आता दिवे मालविले जातील आणि पट सुरू होईल. तो पुरा पाहावा, आणि मग सातव्या विषयावर मत द्यावे. आबा आणि मावशी दोघेही आज पहिल्या रांगेत बसलेले आहेत. ज्यांना हात वर करावयाचा असेल त्यांनी तो त्यांच्या समोर करावा, एवढीच आमची नम्र विनंती आहे.